मेंढपाळ संघटनेच्या अध्यक्षाकडं मेंढरं असायला नकोत का?

वाटसरू माणदेशी

आपल्या भागातल्या मेंढपाळ संघटनेच्या अध्यक्षांनी परवा इथं लिहिलं, की मेंढरांच्या लशी, औषधपाणी, चराईवरची भांडणं हे संघटनेचं काम नव्हे, त्याला सरकारी खाती आहेत. संघटनेनं मेळावे घ्यायचे, धनगर समाजाची ताकद दाखवायची, आदिवासींचं आरक्षण मिळवायचं. खाली कितीतरी जणांनी हात जोडले. मी दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

दिवाळी झाली की आमचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि चालतं बिऱ्हाड, निघतो. लोणंद, शिरवळ, भोर करत वरंध घाटानं महाडच्या बाजूला उतरतो. भात निघालेल्या खाचरांत खतासाठी मेंढरं बसवतो, बदल्यात शेतकरी धान्य घालतो. माझ्या पणजोबापासून हीच वाट आहे. गेल्या पौषात वाटेतल्या एका गावी माळाला लागून असलेल्या वनजमिनीत मेंढरं शिरली म्हणून एका वनरक्षकानं धरली आणि कोंडवाड्यात घातली. रात्रभर आत. दोन मेंढ्या तिथंच व्याल्या, एक कोकरू पहाटेला गारठून गेलं. त्या रात्री अध्यक्षांना पाच वेळा फोन केला. मेळाव्याच्या गडबडीत आहे, नंतर बोलू, एवढंच उत्तर मिळालं. दंड भरला, मेंढरं सोडवली, पुढं निघालो. नंतर बोलणं झालंच नाही.

वनहक्क कायदा 2006 चा. त्यात भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क स्पष्ट लिहिलाय. नियमांत असंही आहे की पशुपालकांच्या दाव्याची पडताळणी ते हजर असतील तेव्हाच करायची. इतकी वर्षं झाली, आपल्या संघटनेनं आमच्या वाटेवरच्या एका तरी गावात असा दावा लावला का? 2024 च्या ऑक्टोबरात एकविसावी पशुगणना सुरू झाली. पशुपालकांची वेगळी नोंद तिच्यात पहिल्यांदाच होती. ती सुरू झाली तेव्हा आमचे वाडे निघायच्या तयारीत होते आणि पुढं वाटेवरच होते. गणनेवाल्यांना वाडे कुठं आहेत ते कोणी सांगायचं?

वाड्यावर उद्याचा तळ कुठं टाकायचा हे ठरवतो तो ज्याला पाणी कुठंय आणि कुठला शेतकरी बोलल्याप्रमाणं धान्य घालतो हे माहीत असतं. नुसता वयानं मोठा किंवा बोलायला पटाईत असून तिथं भागत नाही. संघटनेत मात्र ज्यानं उभ्या आयुष्यात मेंढरांभोवती जाळीची वाघर ठोकली नाही तो आमची वाट ठरवतो. हे मला मान्य नाही.

येळकोट

दादा, तुमच्या कोकराचं वाईट वाटलं, मनापासून. पण तुमचं म्हणणं चूक आहे.

माझ्या वडिलांनी साठ मेंढरं विकून मला इंजिनीअर केलं. मी मेंढरांमागं परत जाणार नाही, माझा मुलगाही नाही. मग मी संघटनेत नको का? समाजातल्या किती घरांत आज मेंढरं आहेत ते बघा. बाकीचे ऊसतोडीला, चाकणला कंपनीत, पुण्यात वॉचमन. त्यांचा प्रश्न भज-क चं, म्हणजे भटक्या जमाती-क मधलं धनगरांचं साडेतीन टक्के आरक्षण पुरतं का हा आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं आदिवासींच्या यादीतले धनगड म्हणजे आपण धनगरच, असं म्हणणाऱ्या याचिका फेटाळल्या. त्यानंतर रस्त्यावर ताकद दाखवायची नाही तर घरी बसायचं? अध्यक्षांनी हजारो माणसं उभी केली म्हणून मंत्री भेटतो. तुमच्या लशीसाठी मंत्री भेटेल का?

वाटसरू माणदेशी

मग नाव बदला. समाज संघटना म्हणा, मी पहिली वर्गणी देतो. मेंढपाळांच्या नावानं वर्गणी माझ्याकडून दर मेंढीमागं घेता आणि मेंढीचं नाव काढलं की खातं दाखवता.

निवृत्त पशुवैद्य

तीस वर्षं नोकरी केली, म्हणून बोलतो. आंत्रविषार या आतड्याच्या रोगाची लस पावसाळ्याआधी, मे महिन्यात टोचली पाहिजे, कारण पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवतावर तुटून पडलेलं चांगलं धट्टंकट्टं मेंढरू सकाळी मेलेलं सापडतं. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथरोगाची लस एकदा नीट टोचली की तीन वर्षं बघायला नको. लस दवाखान्यात पडून असते आणि वाडा आज कुठं आहे हे डॉक्टरला ठाऊक नसतं. संघटनेचं काम इथंच आहे. खातं आहे म्हणून संघटना नको, हे अध्यक्षांचं बोलणं उलटं आहे.

पण वाटसरू, मेंढपाळही कमी नाहीत. लशीला बोलावलं की निम्मी मेंढरं रानात लपवता. लशीनं मेंढी गाभडते ही समजूत तीस वर्षांत माझ्याच्यानं गेली नाही. आणि मग औषधाच्या दुकानातून कुठलीही बाटली आणून एकाच सुईनं सगळ्या कळपाला टोचता. एका वाड्यावर माझ्या डोळ्यांदेखत अशीच गळवं झाली, अख्खा कळप लंगडत होता. अध्यक्षांना जाब विचारायचा तर विचारा, पण हेही बोला.

माडग्याळी, जत

मूळ मुद्दा कोणी काढतच नाही. संघटनेचं पहिलं काम जातिवंत मेंढ्याची फसवणूक थांबवायचं. 2020 साली आटपाडीच्या बाजारात आमच्या जतकडच्या माडग्याळ जातीच्या एका मेंढ्याला सत्तर लाखांची बोली लागल्याची बातमी देशभर गेली. तेव्हापासून बाजारात जो उठतो तो पोपटाच्या चोचीसारखं नाक असलेलं कुठलंही कोकरू माडग्याळ म्हणून विकतोय. मी स्वतः एका व्यापाऱ्याकडून पैदाशीचा मेंढा घेतला. नाकाडं बरोबर, कान लांब, अंगावर तांबूस ठिपके. पोरं झाली ती सगळी बारक्या हाडाची. पैसे गेले, दोन वर्षांची वीत, म्हणजे कोकरांची पैदास, गेली. बाजारात संघटनेचा माणूस बसला पाहिजे, वंशावळ लिहिली पाहिजे. ते सोडून चराईचं काय घेऊन बसलात. आता बंदिस्त पाळायचे दिवस आहेत.

काळी मेंढी

ह्या सत्तर लाखांनीच वाटोळं केलं. बोली लागली म्हणे, पैसे कोणी मोजले ते सांगा.

तुमचं ते लांब पायांचं पांढरं जनावर घाट चढवून दाखवा. वरंधच्या वळणावरच बसेल. आमची दख्खनी काळी मेंढी दिवसाला आठ-दहा मैल चालते, काट्याकुट्यावर जगते, धारेच्या पावसात उभी राहते. बंदिस्त पाळायला चारा विकत घ्यायचा, मग मेंढपाळ कशाला म्हणायचं, गोठेवाला म्हणा. आज पोरं माडग्याळचा मेंढा काळ्या कळपात सोडतात आणि दोन पिढ्यांत ना लोकर राहते ना चालणं. माझ्या आजीनं सूत काढायचं, सनगराच्या मागावर घोंगडं व्हायचं. आता लोकर कातरायला पैसे आपणच द्यायचे आणि ती बांधावर फेकून यायची. संघटनेनं लोकरीला गिऱ्हाईक शोधलं असतं तर काळी मेंढी टिकली असती.

माडग्याळी, जत

पैसे मोजले का विचारताय? मालकानं दिलाच नाही मेंढा. त्याला दीड कोट पाहिजे होते. बातमी तरी पूर्ण वाचायची होती.

आणि घाटाचं आम्हाला काय सांगता. आम्हाला कोकणात जायचंच नाही. जतला पाऊस किती पडतो माहिती आहे का? तिथल्या उन्हात, तिथल्या झुडपावर हीच जात तगली, आमच्या बापजाद्यांनी निवडून निवडून वाढवली. तुमची काळी मेंढी तेवढी खरी आणि आमची उपरी, असं बोलायचं असेल तर जतची माणसं तुमच्या संघटनेत यायची नाहीत. तुमच्या लोकरीचं भावनिक बोलणं ऐकून पोट भरत नाही. ईदला गिऱ्हाईक अंग बघतं, लोकर बघत नाही.

फलटणकर

दोघंही चुकताय. फलटणच्या निंबकर संस्थेनं बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण दख्खनीत आणला आणि नारी सुवर्णा ही जात तयार केली. माझ्याकडं अशा बारा मेंढ्या आहेत, बहुतेक वेळा जुळी होतात. उंची, नाक, रंग यावर भांडण्यापेक्षा दर वितीला किती कोकरं जगली ते मोजा.

काळी मेंढी

बारा मेंढ्यांना घरचा मका घालताय म्हणून जुळी जगतात. दीडशेच्या कळपात चालत्या वाटेवर जुळी झाली तर एकाला दूध पुरत नाही, दुसरं खांद्यावर घेऊन चालायचं. चालून बघा एकदा आमच्याबरोबर, मग शिकवा.

फलटणकर

चालल्यानंच शहाणपण येतं असं समजत असाल तर बोलणं खुंटलं. बारा मेंढ्यांवर घर चालवतोय, कुणाच्या शेतात शिरत नाही, कोंडवाडा बघितला नाही. हे कमी आहे?

वाटसरू माणदेशी

हात जोडतो, नाकाडावरून पुढं या. मेंढरांच्या तीन जातींवर तीन तट पाडलेत आणि अध्यक्ष मजेत झोपलेत. जत असो, फलटण असो की माण, वर्गणी सगळ्यांनी दिली आणि हिशोब कोणालाच मिळाला नाही.

येळकोट

हिशोब मागा, मीही मागतो. पण मजेत झोपलेत म्हणू नका. आंदोलनात त्यांच्यावर गुन्हे दाखल झालेत, तारखांना जातात. मेंढरं नाहीत म्हणून माणूस खोटा ठरत नाही. आणि वनहक्काचं तुम्ही सांगता तेवढं सोपं नाही. आपण आदिवासींत धरले जात नाही, म्हणून 13 डिसेंबर 2005 च्या आधी पंचाहत्तर वर्षं तिथल्या रानावर जगत होतो हे दाखवावं लागतं. कोकणातल्या गावात कुठला कागद दाखवणार? दावा ग्रामसभेपुढं जातो, ती त्या गावची. ती तुमच्या बाजूनं हात वर करेल? आरक्षण मिळालं तर ही अटच राहणार नाही. म्हणून म्हणतो, आधी ते.

वाटसरू माणदेशी

पंचाहत्तर वर्षांची अट खरी आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण पुरावा म्हणून म्हाताऱ्या माणसांचं लेखी निवेदन चालतं, हे नियमात आहे. महाडच्या बाजूला अजून म्हातारे शेतकरी आहेत ज्यांच्या बापाच्या शेतात माझ्या आजोबांनी मेंढरं बसवली. त्यांना खत पाहिजे असतं, ते आपले दुश्मन नाहीत. दरवर्षी त्यांतला एखादा जातो. आरक्षणाची वाट बघत बसलो तर सांगायला कोणी उरणार नाही.

वाड्यावरची सून

मी सगळं वाचलं. इतके पुरुष बोलले, वाडा उठवतं कोण ते एकानंही लिहिलं नाही.

पहाटे चारला उठून भाकऱ्या, मग बिऱ्हाड घोड्यावर, कोकरं जाळीत, वर पोर बांधायचं. पुरुष मेंढरं घेऊन रानातनं जातात, आम्ही घोडी घेऊन रस्त्यानं पुढच्या तळावर. रस्त्यावर ट्रक अंगावर येतात. तळावर पोचलं की पाणी आम्ही शोधायचं आणि ह्या विहिरीवर येऊ नका हेही आम्हीच ऐकून घ्यायचं. माझं पहिलं बाळंतपण तळावर झालं. रात्री दवाखान्यात न्यायला गाडी द्यायला कोणी तयार नव्हतं. एका शेतकऱ्याच्या म्हातारीनं मला आपल्या पडवीत घेतलं म्हणून मी आज लिहिते आहे.

सरकारचं चराई अनुदान आहे, जून ते सप्टेंबर महिना सहा हजार, चार महिन्यांचे चोवीस हजार. महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक मेंढा, पंचाहत्तर टक्के अनुदानावर. अर्ज ऑनलाइन. मुदत संपते तेव्हा आम्ही कुठंतरी डोंगरात असतो, फोनला रेंज नाही, रेशनकार्ड गावी. संघटनेचा एक मुलगा लॅपटॉप घेऊन वाड्यावाड्यावर हिंडला असता तर किती घरांत पैसे आले असते. अध्यक्षांकडं मेंढरं नसली तरी मला चालतील. वाड्यावर येऊन अर्ज भरून देणारा पाहिजे. आणि कार्यकारिणीत एकही बाई नाही, त्याबद्दल वाटसरूंनीही काही लिहिलं नाही. त्याचं मला वाईट वाटलं.

वाटसरू माणदेशी

वहिनी, चूक माझी. माझी आई असाच रस्ता पस्तीस वर्षं चालली आणि मी लिहिताना तिला विसरलो.

निवृत्त पशुवैद्य

त्यांनी लिहिलेलं बरोबर आहे. आजारी मेंढरू पहिल्यांदा ओळखते ती बाई. माझ्या लसीकरणाच्या बैठकीला मात्र एकही बाई कधी बोलावली नाही, हे मला आज कळतंय.

येळकोट

ऑनलाइन अर्जांचं पटलं. तेवढंच पटलं, आरक्षणावरचं माझं मत तेच आहे. आमचे आठ-दहा जण शनिवार-रविवार मोकळे असतात. वाडे कुठं आहेत ते कोणी सांगितलं तर येऊ. अध्यक्षांच्या परवानगीची गरज नाही.

माडग्याळी, जत

आमच्याकडं या आधी. आणि येताना दाखले तपासणारा कोणी जाणकार आणा, मेंढ्याची वंशावळ लिहायला सुरुवात करू. काळी मेंढीवाल्यांनी माफी मागितल्याशिवाय मात्र मी वर्गणी देणार नाही.

काळी मेंढी

माफी कसली. घाटात चढणार नाही म्हटलं, ते खरंच आहे. जतच्या रानात तगते हे मान्य.

वाटसरू माणदेशी

येळकोट, आमचे सात वाडे एप्रिलअखेर घाट चढून वर येतात. तळांची नावं मी देतो, तुम्ही तुमच्या मुलांना द्या. डॉक्टरसाहेब, मेच्या पहिल्या आठवड्यात आंत्रविषाराची लस लोणंदच्या अलीकडं मिळेल असं बघता येईल का? मेंढरं लपवणार नाही, शब्द देतो. आणि वहिनी, पुढच्या बैठकीला तुम्ही बसणार असाल तरच मी येणार आहे. तारीख अजून कोणी कळवलेली नाही.