मदत हवी आहे : विद्यार्थ्यांची आणि घोड्यांची वर्षाची उद्दिष्टं एकत्र कशी बसवावीत?

पागेवरून

नमस्कार मंडळी,

पुण्याजवळ माझा घोडेस्वारीचा छोटा वर्ग आहे. सहा जनावरं, एकतीस मुलं, दोन मोतद्दार आणि मी. नऊ वर्षं झाली. दर जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की प्रत्येक मुलाच्या वहीत मी वर्षाचं उद्दिष्ट लिहून देते. यंदा पहिल्यांदाच वह्या समोर घेऊन नुसती बसले आहे, काही लिहवत नाही. म्हणून हा धागा.

गेल्या वर्षीचं आधी सांगते. वहीत साधारण असं असायचं : दिवाळीपर्यंत दुडकीवर मांड पक्की, नाताळपर्यंत कँटर (दुडकीच्या पुढची वेगवान चाल), मार्चअखेर ६० सेंटिमीटरची उडी. पालकांना हे बरं वाटतं, मुलंही आवडीनं खुणा करतात. पण जानेवारीत अकरा मुलं एकदमच उडीच्या टप्प्यावर आली आणि नवख्याला सांभाळून उडी मारणारी माझ्याकडे एकच घोडी, चांदणी. मारवाडी वळणाची, १६ वर्षांची, स्वभावानं फार गुणी. अकरा जणांची उद्दिष्टं तिच्या चार पायांवर आली. फेब्रुवारीत तिच्या पुढच्या डाव्या नळीमागे हाताला ऊब लागली, दुसऱ्या दिवशी सूज. शीर, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा, दुखावली होती. तेव्हापासून तिच्यावर कोणी बसलेलं नाही, फक्त हातात धरून चालवतो.

तिनं आधी सांगितलं होतं. खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळताना कान मागे टाकायची, अडथळ्यासमोर दोनदा थांबली. मी म्हटलं, आज कंटाळा करते आहे, आणि मुलीला टाच लावायला सांगितलं. ते अजून मनातून जात नाही.

तर प्रश्न असा. मुलाच्या वहीत वर्षभराचं लिहिताना घोड्याचं वर्ष कुठे आणि कसं लिहायचं? शर्यतीतून निवृत्त झालेले दोन घोडे आहेत, त्यातला एक सहा वर्षांचा, मागच्याच हिवाळ्यात आला. एक काठियावाडी, दोन तट्टं. प्रत्येकाची गरज निराळी. आणि एक तेरा वर्षांची मुलगी आहे, तिनं स्वतःच्या हातानं लिहून आणलंय : ‘या वर्षी चांदणीवरून ८० ची उडी’. दुसऱ्या घोड्यावर बसायला ती तयारच नाही. तिला काय लिहून देऊ?

जुना_मांडकरी

ताई, माझी पस्तीस वर्षं तबेल्यांत गेली. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, जून हा शाळेचा वर्षारंभ आहे, घोड्याचा नाही. जून ते सप्टेंबर आपल्याकडे मैदानात चिखल, अंगावर माशा, खुरात ओल राहून पुतळी (खुराच्या तळाचा मऊ भाग) कुजायची भीती. यात नवीन चाल कुठली शिकवणार? ऑक्टोबर ते जानेवारी हे खरे जोरकस कामाचे महिने. मग मुलांच्या परीक्षा. आणि मे महिन्यात सुट्टीची शिबिरं, म्हणजे सगळ्यांत जास्त गर्दी नेमकी सगळ्यांत कडक उन्हात. दसऱ्याला आपण घोड्याच्या गळ्यात हार घालतो ना, वह्यांचं वर्ष त्या दिवशी सुरू करा. पावसाळ्यात जमिनीवरचं शिकवा : खरारा, खूर साफ करणं, खोगीर घालणं, लांब दोरीवर गोल फिरवणं. माझ्याकडे पावसाळ्यात आलेली मुलं पुढे जास्त टिकली, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. एका घोड्याला उडीचं काम मी आठवड्यात दोनच दिवस देतो आणि एका दिवशी वीसच्या वर उड्या नाहीत. म्हणजे आठवड्याला चाळीस. तुमची अकरा मुलं, प्रत्येकी निदान दहा उड्या तरी मारणार, झाल्या एकशेदहा. हे जूनमध्येच कागदावर मांडलं असतं तर दिसलं असतं. चाळीस उड्यांत चार मुलं बसतात. चारच वह्यांत ‘उडी’ लिहायचं, बाकीच्यांना त्यांची पाळी पुढच्या हंगामात.

पागेवरून

काका, रात्री बसून हा हिशेब सगळ्या जनावरांचा केला. तट्टांचाही चुकलाय. शनिवार-रविवारी दोघांवर प्रत्येकी पाच-पाच फेऱ्या होत होत्या. नऊ वर्षांत मी मुलांची हजेरी रोज घेतली, घोड्यांची एकदाही घेतली नाही.

पशुवैद्य_गावाकडचा

चांदणीबद्दल : सूज उतरली म्हणजे शीर भरून आली असं नाही. शिरांना रक्तपुरवठा कमी असतो, त्या स्नायूंपेक्षा खूप सावकाश सुधारतात. नऊ ते बारा महिने धरून चाला आणि बसायला सुरुवात करण्याआधी तिच्या डॉक्टरांकडून सोनोग्राफी पुन्हा करून घ्या. या वर्षात तिच्यासाठी उडीचं नावही नको. १६ वर्षांच्या घोडीला नंतरही उंची वाढवत नेणं योग्य नाही. तिचं उद्दिष्ट ‘आहे ते टिकवणं’ असावं आणि ते लहान उद्दिष्ट नाही.

बाकी जनावरांसाठी पहिल्या पानावर हे लिहा. वजन : काटा नसला तरी टेपनं काढता येतं. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्या आकड्याला त्याच आकड्यानं गुणा, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. घेर १६० आणि लांबी १४५ असेल तर साधारण ३१२ किलो येतात. स्वार आणि खोगीर मिळून याच्या २० टक्क्यांच्या आत ठेवा, म्हणजे ६२ किलो. घोडा म्हातारा, लठ्ठ किंवा कमजोर असेल तर त्याहून कमी. शिबिराला येणाऱ्या मोठ्या माणसांना कोणत्या घोड्यावर बसवायचं, हा वाद त्यामुळे मिटतो.

मग विश्रांतीतली नाडी, मिनिटाला २८ ते ४४ असते. प्रत्येकाची आठवडाभर सकाळी मोजून त्याचा स्वतःचा आकडा काढा. कामानंतर दहा-पंधरा मिनिटांत ती साठच्या खाली येते का, हे मुलांना मोजायला लावा. हिवाळ्यात ती लवकर खाली येऊ लागली तर घोड्याचा दम वाढला, हेच त्याचं प्रगतिपुस्तक. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण हात फिरवला की लागाव्यात, हे दर महिन्याला पाहा. नालबंद सहा ते आठ आठवड्यांनी, दात वर्षातून एकदा, धनुर्वाताची लस चुकवू नका. या तारखा आधी टाका. मुलांचे धडे उरलेल्या दिवसांत बसवायचे.

दुडकी

शर्यतीच्या घोड्याबद्दल थोडं लिहिते, मी असे तीन सांभाळले आहेत. त्याला काहीच येत नाही असं समजू नका. त्याला भरपूर येतं, फक्त आपल्याला हवं त्याच्या उलटं. जॉकी लगाम ताणून धरतो तेव्हा घोडा त्या ताणावर भार टाकून जास्त पळतो. म्हणजे तुमचा घाबरलेला मुलगा लगाम ओढेल आणि घोड्याला वाटेल, पळ म्हणताहेत. जॉकीचे पाय वर आखडलेले असतात, त्यामुळे पोटावर पोटरी लागणं म्हणजे काय हे त्याला ठाऊक नसतं. जॉकीला खालून उचलून बसवतात, बरेचदा चालत्या घोड्यावर. रिकिबीत पाय घालून कोणी सावकाश चढेपर्यंत उभं राहणं त्याला नवीन असतं.

म्हणून तुमच्या सहा वर्षांच्या घोड्याचं पहिल्या सहा महिन्यांचं उद्दिष्ट मी एवढंच लिहीन : स्वार चढताना स्थिर उभं राहणं, लगाम सैल सोडल्यावर शांत चालणं, दोन्ही बाजूंना सारख्या गोलात वळणं. यात नवशिका मुलगा नकोच. तुम्ही बसा, किंवा ज्याचा हात हलका आहे असा मोठा विद्यार्थी. त्या विद्यार्थ्याच्या वहीतही हेच उद्दिष्ट लिहा, शब्दन् शब्द तसंच. दोघांचं पान एकच झालं की कोणी कोणाच्या पुढे पळत नाही.

एक_आई

मी घोड्यावर कधी बसले नाही, पण मुलगा चार वर्षं शिकतोय. पालक ‘कँटर कधी’ असं विचारतात कारण आम्हाला दुसरं काही पाहताच येत नाही. कुंपणाबाहेरून सगळं सारखंच दिसतं. मुलाच्या सरांनी एकदा मला त्याची मांड कशी बघायची ते दाखवलं : कान, खांदा, कमर आणि टाच एका रेषेत आहेत का. त्या दिवसापासून मला दर रविवारी फरक दिसायला लागला आणि उंचीचं विचारणं आपोआप बंद झालं. तुम्ही पालकांना एकदा आत बोलवा. घोड्याची नाडी आम्हालाही मोजू द्या.

पागेवरून

सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्या मुलीशी बोलले. आधी ओरडेल, मग रडेल असं वाटलं होतं. तिला चांदणीच्या पायाची सोनोग्राफी दाखवली आणि डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं न लपवता सांगितलं. मी टाच लावायला सांगितलं होतं, तेही. तेव्हा वर बसलेली तीच होती, तिलाही ते आठवत होतं. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, माझ्यामुळे झालं का?’ मी म्हटलं, तुझ्यामुळे नाही, मी लिहिलेल्या वहीमुळे.

तिनं वहीतलं ते पान फाडलं नाही. ‘८० ची उडी’ खोडून खाली लिहिलं : रोज २० मिनिटं चांदणीला हातात धरून चालवणं, पायाची ऊब दोन वेळा बघून लिहिणं. दुसऱ्या ओळीत काठियावाडीवर दुडकी, रिकिबीशिवाय, सलग दहा मिनिटं. ती ओळ मी सांगितलेली नाही.

आता अडलंय ते असं. उडीच्या यादीत दसऱ्याला चौघंच बसणार आणि ती उडीही आता काठियावाडीवर, तोही आधी तयार व्हायला हवा. उरलेल्या सात जणांच्या पालकांना हे आत्ताच जूनमध्ये सांगू की पावसाळाभर मुलांना जमिनीवरचं शिकवून, एक_आई म्हणतात तसं पालकांना आत बोलावून मग सांगू? आधी सांगितलं तर दोघं-तिघं वर्ग सोडतील असं वाटतं. उशिरा सांगितलं तर फसवल्यासारखं होईल. ज्यांनी असं सांगितलं आहे त्यांनी कृपया लिहा.

टेप आणली आहे. सकाळी सहाही जनावरांची मापं घेऊन आकडे इथेच टाकते, डॉक्टर, जरा बघाल का?