मदत हवी आहे : तीन वेळा ५१ मिनिटांवर अडकलो, ५० फुटत नाहीये

सिडकोवासी
नमस्कार मंडळी. पळण्याची तिसरी रेस झाली आणि तिसऱ्यांदा ५१ च्याच घरात. ५१:५२, मग ५१:२०, आणि परवाच्या रविवारी ५१:३८. मला ५० च्या आत यायचंय. पुढची रेस १९ दिवसांवर आहे, पैसे भरून झालेत. आठवड्यातून पाच दिवस पळतो, पावसाळ्यातही खंड पडू दिला नाही. सातव्या किमीनंतर पाय असे जड होतात की मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटतं. नेमकं काय बदलू? लवकर सांगा, उद्या सकाळपासून सुरू करायचंय.

पळता भुई
१० किमीचीच वेळ ना ही? वय किती, आठवड्याला एकूण किती किमी, रोजचा पेस (एका किमीला किती मिनिटं) काय, आणि रविवारचे स्प्लिट, म्हणजे प्रत्येक किमीची वेगळी वेळ, टाका. त्याशिवाय कुणीही काहीही सांगेल.

जुना खेळाडू
पायात ताकद नाही, दुसरं काही नाही. पांडवलेणीच्या पायऱ्या धरा. आठवड्यातून तीन दिवस, दहा-दहा वेळा वर-खाली. आपल्या हरसूलकडच्या सावरपाड्याची धावपटू कविता राऊत डोंगरातूनच वर आली. २०१० ला दिल्लीच्या राष्ट्रकुलमध्ये १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाईत रौप्य. कुठली घड्याळं आणि कुठले स्प्लिट!

कॉलेजरोडची
काका, आदर ठेवून सांगते, अर्धीच गोष्ट सांगताय. डोंगरातून आली हे खरं, पण नंतर नाशिकला प्रशिक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षं मोजूनमापून सराव केला म्हणून पदकं आली. आणि रेस १९ दिवसांवर असताना पायऱ्या सुरू केल्या तर पोटऱ्या भरून येतील, १० किमी राहिले बाजूला.

सह्याद्रीप्रेमी
माझा अनुभव सांगतो. मॅरेथॉनला ३० किमीनंतर असंच व्हायचं. शेवटचे तीन दिवस भात-बटाटा वाढवला, दर ४० मिनिटांनी एनर्जी जेल घेतलं, फरक पडला. जेल आधी सरावात घेऊन बघा, नाहीतर पोट बिघडतं.

पळता भुई
तो ४२ किमीचा हिशोब झाला. पन्नास मिनिटांच्या रेसला शरीरातला साठा पुरतो, जेलची गरज नाही. सिडकोवासी, स्प्लिट?

सिडकोवासी
१० किमीच, अजून काय असणार. वय ३४. आठवड्याला ४० किमी. रोज ८ किमी, ग्रुपबरोबर, ५:२५ च्या आसपास. कधीच त्यापेक्षा हळू नाही.
स्प्लिट : ४:३८, ४:४९, ४:५८, ५:०५, ५:०८, ५:०९, ५:१३, ५:१९, ५:१८, ५:०३. घड्याळात १० किमी ५०:४० लाच झाले होते. फिनिशला १०.१९ दाखवत होतं. रस्ताच लांब ठेवला होता, त्याचं काय करायचं ते पण सांगा.

गोदाकाठ
रस्ता लांब असेलच असं नाही. प्रमाणित रस्ता मोजताना सायकलने सगळ्यात आखूड रेषा धरतात, वळणावर अगदी आतल्या कडेने. वर किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त ठेवतात, म्हणजे १० किमीला १० मीटर. आपण गर्दीत बाहेरून वळतो, पाण्याच्या टेबलाकडे तिरपे जातो, शिवाय घड्याळ झाडांखाली आणि इमारतींमध्ये चुकतं. त्यामुळे घड्याळात ५:०० दिसत राहिलं तरी फिनिशला ५१ च होणार. १०.१९ धरले तर ४९:५९ साठी घड्याळात ४:५४ दिसायला हवेत. हा आकडा हातावर लिहून पळा.

आणि पहिला किमी ४:३८! पाहिजे त्यापेक्षा १६ सेकंद वेगात. सातव्यानंतरचा जडपणा तिथेच विकत घेतलात. शेवटचा ५:०३ आला म्हणजे पायात जोर शिल्लक होता. पहिला किमी ५:०० ने जाऊ द्या, लोक पुढे गेले तर जाऊ द्या.

कॉलेजरोडची
गोदाकाठ यांना अनुमोदन. शिवाय रोज ५:२५ म्हणजे ना धड आराम, ना धड वेग. तीन दिवस ६:१५ ने पळा, ग्रुप सोडावा लागला तरी चालेल. एक दिवस १ किमी × ५, प्रत्येक ४:५० ला, मध्ये दोन मिनिटं हळू जॉगिंग. एक दिवस सलग २० मिनिटं ५:०५ ने. शेवटच्या आठवड्यात अंतर निम्मं करा आणि बुधवारनंतर काही जोराचं नको.

कार्बनवाला
तळात कार्बनची प्लेट असलेले बूट घ्या. मी घेतले आणि माझे दीड मिनिट कमी झाले.

जुना खेळाडू
बुटांनी कुणी धावपटू झालं नाही.

कार्बनवाला
काका, एकदा घालून बघा आणि मग बोला.

पळता भुई
बुटांचा वाद दुसऱ्या धाग्यावर. १९ दिवसांत नवे बूट घालून रेसला उभं राहू नये, एवढं दोघांनाही मान्य असेल.

मखमलाबादकर
वेगाचं पळायला गंगापूर रोड नको. धरणाकडे जाताना चढ, येताना उतार, आकडे फसवतात. गोल्फ क्लबचा ट्रॅक बरा. आणि रेसनंतरच्या मिसळीचा बेत आधी सांगा, मी येतो. हल्ली रस्सा सगळीकडे गोडसर लागायला लागलाय, काळ्या मसाल्याची कुणी सुचवाल का?

गोदाकाठ
मिसळ नंतर. सिडकोवासी, एक राहिलं. शनिवारी रात्री किती झोपलात?

सिडकोवासी
तीन तास. सेकंड शिफ्ट ११ ला सुटते, अंबडहून घरी येऊन जेवून झोपायला १ वाजतो. ४ ला उठलो. शिफ्टवाल्या सगळ्यांचं असंच असतं, म्हणून लिहिलं नाही.

गोदाकाठ
अहो, हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं! तिन्ही रेसना सेकंड शिफ्टच होती?

सिडकोवासी
आत्ता डायरी काढून बघितली. दोनदा सेकंड. ५१:२० आली त्या आठवड्यात फर्स्ट होती, नऊलाच झोपलो होतो. पुढच्या रेसच्या आठवड्यात परत सेकंड येते.

कॉलेजरोडची
दादा, मग पायऱ्या, बूट सगळं सोडा आणि त्या शनिवारची शिफ्ट बदलून घ्या. जमलं तर शुक्रवारचीही, कारण रेसच्या आदल्या रात्री धाकधुकीने तशीही नीट झोप लागत नाही. शुक्रवारची झोप खरी कामाला येते. आणि सेकंड शिफ्टच्या आठवड्यात पहाटे ग्रुपला गाठायला उठू नका. आठ तास झोपा, उशिरा पळा, उन्हात वेग कमी होईल तो होऊ द्या.

जुना खेळाडू
झोपेचं बरोबर आहे. आमचे सर रात्री नऊला दिवे घालवायचे. पायऱ्या रेसनंतर करा, पण करा.

सिडकोवासी
शुक्रवार नाही मिळाला, शनिवार मिळाला. आमच्या लाइनवरच्या मित्राने फर्स्ट माझ्या नावावर केली, त्याला दिवाळीतला एक दिवस द्यायचाय. आज गोल्फ क्लबवर १ किमी × ५ केले : ४:५२, ४:५०, ४:५०, ४:४९, ४:४६. शेवटचा जोरात जाऊनही पाय धरले नाहीत. उद्या ६:१५ ने एकटाच पळणार. ग्रुपला सांगताना जिवावर आलं. चार वर्षं एकत्र पळतोय.

नवीन सदस्य ७
धागा वाचला, छान माहिती. माझी बायको ५ किमीपासून सुरू करतेय. गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सकाळी गर्दी कधी कमी असते?

सिडकोवासी
साडेपाचला या. सहानंतर चालणाऱ्यांची गर्दी होते. वहिनींना सांगा, आतली कडा सोडून पळा, तिथे आजी-आजोबा असतात.