मदत हवी आहे: ऐन फुलोऱ्यात ब्लू जेचं घरटं, फांदी छाटू की थांबू?

नमस्कार मंडळी. राहणं एडिसन, न्यू जर्सी. मागच्या अंगणातलं क्रॅबॲपल सध्या असं फुललंय की पानं शोधावी लागतात. त्याची एक फांदी छपराच्या पन्हळीवर घासते, वारा सुटला की रात्रभर कर्रकर्र. म्हणून शनिवारी छाटणीवाला बोलावलाय, ॲडव्हान्सही देऊन बसलोय.

आणि नेमकं त्याच फांदीच्या बेचक्यात ब्लू जेचं घरटं निघालं! काटक्या, मुळ्या, चिखल, मध्येच एक प्लॅस्टिकची पट्टी. नर-मादी दिसायला सारखेच, पण चार दिवस एक जण हलत नाही आणि दुसरा येऊन तिला चोचीने भरवतो, तेव्हा बसलेली ती मादीच. काल तिच्या निळ्या पाठीवर गुलाबी पाकळ्या पडल्या होत्या, तिने झटकल्याही नाहीत. एरवी हे पक्षी गल्ली डोक्यावर घेतात, परवा तर हॉकची हुबेहूब किंकाळी मारली. घरट्याजवळ मात्र चिडीचूप.

आई साताऱ्याहून आलीय. तिच्या मते हा चास, दसऱ्याला दिसला की शुभ. म्हटलं, इंग्रज आपल्या चासालाही ब्लू जे म्हणायचे खरे, पण हा कावळ्याच्या कुळातला. तर म्हणे, "मग पितरांपैकीच की! हात लावू नकोस."

अंडी आहेत असं धरायचं का? किती दिवस थांबावं लागेल? की तेवढीच फांदी हळूच बांधून घेऊ?

प्रतिसाद १: मादी चार दिवस उठत नसेल तर अंडी आहेत असंच धरा. बांधू वगैरे नका, बेचकं हललं तर संपलं. शिवाय इथे १९१८ पासून स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा आहे, अंडी-पिल्लं असलेलं घरटं पाडता येत नाही. अंडी उबायला १७-१८ दिवस, पिल्लं उडायला आणखी तीनेक आठवडे. पन्हळीच्या कडेवर पाइपला घालतात ती फोमची नळी चिरून बसवा. मादीच्या नजरेआड, दोन मिनिटांत.

धागाकर्ता: आभार! फोम बसवला, आवाज बंद. छाटणीवाला जूनअखेरीस यायला तयार झाला, थोडी कुरकुर करून. आईने कठड्यावर पोळीचा तुकडा ठेवला होता, त्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टरफलासकट शेंगा ठेवल्या, तर एकेक उचलून बघून त्यातल्या जड तेवढ्या नेल्या.