बफीचा आठवा सीझन वाचला, आणि जाइल्स गेला तरी डोळ्यांत पाणी आलं नाही

वडगावकर:
'बफी द व्हॅम्पायर स्लेयर' ही रक्तपिपासू व्हॅम्पायर मारणाऱ्या बफी नावाच्या मुलीची अमेरिकन टीव्ही मालिका १९९७ ते २००३ चालली. सात सीझन, १४४ भाग. पुढची गोष्ट टीव्हीवर आलीच नाही, कॉमिकमध्ये आली. मार्च २००७ ते जानेवारी २०११, डार्क हॉर्स या प्रकाशनाचे ४० अंक, त्यालाच आठवा सीझन म्हणतात. मालिकेचा कर्ता जॉस व्हीडन स्वतः त्यात होता, म्हणून मोठ्या भरवशाने सगळे खंड बंगळूरहून मागवले. पंधरा दिवसांत संपवले. फार वाईट वाटलं. (ज्यांना वाचायचंय त्यांनी इथेच थांबा, शेवट सांगतेय.)

स्कॉटलंडच्या किल्ल्यात मुलींची फौज, बफीची धाकटी बहीण डॉन ताडमाड उंच होते, हे सगळं मी चालवून घेतलं. माझं दुखणं जाइल्सचं आहे. शाळेच्या लायब्ररीतला तो चष्मेवाला, बफीला बापाच्या जागी असलेला. ३९व्या अंकात एंजल त्याची मान मोडतो. बफीचं पहिलं प्रेम तो एंजल, स्वतः व्हॅम्पायर! आणि लढाई तशीच पुढे चालू. पुढचा अंक उघडला तर काही महिने उलटलेले, बफी सॅन फ्रान्सिस्कोत.

याच मालिकेने २००१मध्ये बफीच्या आईच्या मरणावर अख्खा एक भाग केला होता, 'द बॉडी'. तो मी आणि अक्काने केबलवर पाहिला. आजी जाऊन दोनच महिने झाले होते. पूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही. बफी घरात येते, आई सोफ्यावर. हाक मारते, परत मारते, आणि तिसऱ्या हाकेला तिचा आवाज लहान पोरीचा होतो. नंतर ती उलटी करते, गालिच्यावर कागद टाकते, आणि तो कागद हळूहळू भिजताना आपण बघत बसतो. शेजारचे माग त्या वेळी नेमके थांबले होते. अक्काने माझा हात धरला तो जाहिराती लागल्या तरी सोडला नाही. आपल्याकडच्या मालिकांत माणूस गेला की लगेच सनई-व्हायोलिन सुरू. घरातलं माणूस गेल्यावर जी शांतता असते ती मला पहिल्यांदा तिथे दिसली.

ज्यांना हे जमलं होतं त्यांनी जाइल्सला काही चौकटींत उरकलं. हे मला सोसत नाही.

निपाणीकर:
ताई, तुमचं दुःख कळतं, पण कॉमिकवर अन्याय होतोय. टीव्हीवर कॅमेरा आपल्याला थांबवतो, कॉमिकमध्ये आपणच थांबायचं असतं. ४० अंक पंधरा दिवसांत वाचल्यावर शांतता सापडणार कुठून? माझा मित्र अंक महिन्याच्या महिन्याला मागवायचा, त्याच्याकडचे मी वाचायचो. ३९वा डिसेंबर २०१०चा, ४०वा जानेवारी २०११चा. मधले ते आठवडे आम्ही दोघं दुसरं काही बोललोच नाही. तेच आमचं सुतक होतं.

आणि ४०व्या अंकात जाइल्स बफीसाठी काय ठेवून जातो ते बघा की. 'व्हॅम्पायर' नावाचं ते जाडजूड पुस्तक! मालिकेच्या पहिल्याच भागात त्याने तिच्यासमोर दाणकन आपटलेलं. बाकीचं सगळं फेथला, म्हणजे बफीसारख्याच दुसऱ्या स्लेयरला, बफीला तेवढं पुस्तक. मला तिथे भरून आलं. कॉमिकसाठीचा २००८चा आयझनर पुरस्कार, उत्कृष्ट नव्या मालिकेचा, याच कॉमिकला मिळाला, तो काही उगाच नाही.

कॅम्प बेळगाव:
पुरस्कार २००८चा आहे ओ, तेव्हा अर्धी गोष्टसुद्धा झाली नव्हती. सुरुवात चांगलीच होती. ६ ते ९ हे ब्रायन के. व्हॉनने लिहिलेले फेथ आणि जाइल्सचे अंक तर मला मालिकेइतकेच आवडतात, कारण त्यात दोन माणसं एकमेकांशी बोलतात. टीव्हीवर पैसा कमी, म्हणून सगळे लायब्ररीत बसून बोलायचे आणि त्यातून आपल्याला ती घरची वाटायला लागली. कागदावर जग बुडवायलाही तेवढीच शाई लागते. मग बुडवत सुटले.

खानापूरची:
मी ते कॉमिक हातात घेतलं नाही, घेणारही नाही. २००३चा शेवट पुरेसा होता. संपलेलं संपू द्यावं.

निपाणीकर:
असं कसं म्हणता? आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर. 'रामराज्यवियोग'चे तीन अंक १८८४मध्ये रंगभूमीवर आले, १८८५मध्ये ते वारले, नाटक तसंच राहिलं. पुढचा अंक कुठे मिळाला असता तर तुम्ही वाचला नसता?

खानापूरची:
धावत जाऊन वाचला असता. पण ते अपुरं होतं, दादा. बफी पुरी झाली होती. मुक्कामाला पोचलेल्या गाडीला पुन्हा ढकलायचं कशाला?

वडगावकर:
निपाणीकर, पुस्तकाचं तुम्ही म्हणता ते खरं आहे. तो भाग परत काढून वाचला. पहिल्या वेळी मी तिथे थांबलेच नव्हते. आठवड्यांच्या वाट पाहण्याचंही पटलं, खंड वाचणाऱ्याला ते मिळत नाही. पण ३९व्या अंकाबद्दल माझं मत तेच आहे. बफी त्याच्याजवळ बसायला हवी होती. अंक नको, चार पानं चालली असती, बिनसंवादाची.

निपाणीकर:
ते बसणं पुढे आहे. 'एंजल अँड फेथ' या पुढच्या कॉमिकमध्ये, २०११ ते २०१३, २५ अंक. एंजल ज्याला मारतो त्याच्याच घरात राहून ते ओझं वाहतो. फेथ सोबत.

वडगावकर:
आणि शेवटी जाइल्सला परत आणतात, बारा वर्षांच्या पोराच्या अंगात! एवढं मला ठाऊक आहे. 'द बॉडी'मधली आई परत येत नाही, म्हणून तर ती अजून आठवते. डॉन तिला मंत्राने आणायला बघते आणि शेवटी स्वतःच मंत्रासाठी घेतलेला आईचा फोटो फाडते. त्यांनीच शिकवलं होतं ना हे?

निपाणीकर:
ते पोर होणं मलाही रुचलं नाही, खोटं कशाला बोलू. पण आधीचे वीसेक अंक त्यासाठी टाकून देऊ नका. पाचही खंड माझ्याकडे आहेत. पुढच्या आठवड्यात बेळगावला येतोय, घेऊन येतो. फक्त एका दिवसाला एकच अंक वाचायचा.

वडगावकर:
आणा. एक अंक, कबूल. जाइल्स परत येतो तिथे मात्र मी पुस्तक मिटणार.