प्रतिसाद : कोलोनोस्कोपी केवळ पाहण्यापुरती नसते

मोठ्या आतड्यात कोंब (पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली मांसल गाठ) आढळल्यास पोटाची शस्त्रक्रिया अटळ असते, असे वर एका सदस्यांनी लिहिले आहे. बहुतेक कोंबांच्या बाबतीत ते खरे नाही. कोलोनोस्कोपीत गुदद्वारातून मोठ्या आतड्यात सरकवलेल्या दुर्बिणीच्या नळीतूनच तारेचा फास पुढे सरकवून, गरज असल्यास त्यातून विद्युतप्रवाह सोडून, कोंब कापता येतो, आणि न्यूयॉर्कमध्ये हिरोमी शिन्या व विल्यम वुल्फ या डॉक्टरांनी हे १९६९ मध्येच केले होते. काही प्रकारच्या कोंबांचे कर्करोगात रूपांतर व्हायला साधारण दहा वर्षे लागतात, त्यामुळे कोंब वेळीच काढणे हा कर्करोगाचा प्रतिबंधही ठरतो.

मात्र आतडे स्वच्छ नसेल तर निष्णात डॉक्टरांच्याही नजरेतून लहान कोंब सुटतो. आपल्या सोलापूरकरांची अडचण इथेच आहे, कारण शेंगाचटणी, ज्वारीची कडक भाकरी आणि पालेभाजी तपासणीच्या दोन-तीन दिवस आधीपासून बंद ठेवून पांढऱ्या भातावर व वरणाच्या पाण्यावर राहावे लागते (चटणीविना जेवण हीच अनेकांना खरी शिक्षा वाटते). जुलाबाचे औषध शक्यतो आदल्या रात्री आणि त्या दिवशी पहाटे असे विभागून घेतात. रक्त पातळ करणाऱ्या किंवा लोहाच्या गोळ्या चालू असतील तर तारीख ठरवतानाच डॉक्टरांना सांगावे. त्या परस्पर बंद करू नयेत.