पिच्चरला मार्क देता तरी कसे? माझी शीट गंडलीय

शेवटची_रांग :
मंडळी, बरेच दिवस विचारू विचारू म्हणत होतो. बघितलेल्या प्रत्येक सिनेमाची नोंद ठेवायची खोड आहे मला. एक शीट आहे, त्यात पटकथा, अभिनय, कॅमेरा, एडिटिंग, संगीत असे पाच कॉलम, प्रत्येकाला दहापैकी मार्क, शेवटी बेरीज आणि बेरजेवर सॉर्ट मारला की यादी तयार. ऐकायला भारी वाटतं पण जी यादी येते ती माझी वाटतच नाही राव.

उदाहरण देतो, नावं मुद्दाम सांगत नाही नाहीतर अख्खा धागा त्या दोन सिनेमांवर जाईल. पहिला : ८, ८, ८, ८, ८, झाले ४०. दुसरा : पटकथा ६ (मध्यंतरानंतर अर्धा तास नुसता भरकटलाय), अभिनय १०, कॅमेरा ७, एडिटिंग ५, संगीत ९, म्हणजे ३७. शीट म्हणते पहिला वर. आता गंमत अशी की पहिला मी परत कधी लावला नाही, लावणारही नाही, आणि दुसऱ्यात ती बाई फोन ठेवते आणि त्यानंतर बराच वेळ कॅमेरा जागचा हलत नाही, ती फक्त आधीच स्वच्छ असलेला ओटा पुसत राहते, तो तेवढाच तुकडा काढून मी कितीदा बघितला असेन देव जाणे. त्याला कुठल्या कॉलममध्ये टाकू?

दुसरी कटकट, सगळे सिनेमे ७ आणि ८ च्या मध्ये चेंगरलेत. कारण उघड आहे, जो ३ च्या लायकीचा वाटतो तो मी बघायलाच जात नाही. आणि विनोदी सिनेमे तर कायम तळाला, कॅमेऱ्याला ६ च्या वर देववत नाही, पण पोट दुखेस्तोवर हसवलं त्याचं काय?

तुम्ही कसं करता?

रीळ_उलटं :
बेरीज बंद करा आधी. पाच कॉलम सारख्या वजनाचे धरलेत तिथेच गणित फसलंय, कारण सिनेमा बघताना कोणी संगीत वेगळं आणि एडिटिंग वेगळं बघत नाही. आणि बेरजेत काय होतं, कुठेच न चुकणारा सिनेमा आपोआप वर चढतो. मग कुठेतरी कडेलोट करणारा पण कुठेतरी जीव काढणारा सिनेमा मागे पडणारच ना.

मी मार्क देतच नाही, कुस्ती लावतो. नवीन सिनेमा बघितला की यादीच्या बरोब्बर मधल्या सिनेमाशी त्याची जोड लावायची आणि एकच प्रश्न, आत्ता या दोनपैकी एकच लावायचा असेल तर कुठला? जिंकला तर वरच्या अर्ध्यातल्या मधल्याशी, हरला तर खालच्या. दर वेळी निम्मी यादी बाद होते, त्यामुळे २०० सिनेमांची यादी असली तरी जास्तीत जास्त ८ जोड्यांत जागा सापडते. ७.५ का ८ असली झिकझिक नाही. बुद्धिबळातलं एलो रेटिंग पण मुळात जोड्यांवरच चालतं, आपल्यापेक्षा बलाढ्य खेळाडूला हरवलं की जास्त पॉइंट, दुबळ्याला हरवलं की किरकोळ. कोणाला हौस असेल तर तेही लावता येईल, मला एवढं करायला वेळ नाही.

एक लोचा मात्र होतो. कधीकधी अ हा ब ला हरवतो, ब हा क ला, आणि क परत अ ला. असं झालं की मी तिघांना एकाच नंबरावर ठेवतो आणि पुढे जातो, डोकं लावत नाही.

मध्यंतर :
जोड्यांची आयडिया आवडली, पण मला वाटतं खरा घोळ आहे तो मार्क *कधी* देता त्याचा. बाहेर पडल्या पडल्या दिलेले मार्क हे बहुतेक शेवटच्या वीस मिनिटांचे असतात. काहनेमन वगैरे मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय, माणूस एखादा अनुभव आठवताना त्यातला सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट यावरून मत बनवतो, मधला किती वेळ कसा गेला ते फारसं मोजत नाही. क्लायमॅक्स दणकून जमला की मधल्या रटाळपणावर पांघरूण. म्हणून मी आठवडाभर काही लिहीतच नाही. आठवड्याने बसते आणि आठवतंय ते लिहून काढते, नुसती दृश्यं, मत नाही. काहींचं पान भरतं, काहींचा नायक काय काम करत होता तेही आठवत नाही. तिथेच निकाल लागतो.

आणि एकदाच बघितलेल्या सिनेमाला १० द्यायचे नाहीत असा माझा नियम आहे. आयएमडीबी या सिनेमांच्या वेबसाइटवर प्रेक्षकांच्या मतांवरून टॉप २५० ची यादी लागते, तिचं सूत्र पण याच धाटणीचं आहे, मतं कमी असली की आकडा सगळ्या सिनेमांच्या सरासरीकडे ओढतात, मतं वाढली की मोकळा सोडतात. मी तेच स्वतःला लावते. पहिल्यांदा बघून १० वाटला तर ९ लिहायचं, दुसऱ्यांदा टिकला तर १०.

निमूट :
+१ मध्यंतर ताईंना.

फुकट_समीक्षक :
मला हे आकड्यांचं प्रकरणच झेपत नाही. तीन ढीग करा : परत बघणार, एकदा ठीक, वेळ गेला. बस.

आकडा बघून लोक काय समजतात हा वेगळाच विनोद आहे. रॉटन टोमॅटोज या समीक्षकांचे कौल गोळा करणाऱ्या वेबसाइटवर ९५ टक्के दिसले की शंभरपैकी ९५ मार्क मिळाले असं सगळे धरून चालतात, तर ते तसं नाहीच्चे, १०० मधल्या ९५ समीक्षकांना सिनेमा *बरा किंवा त्याहून चांगला* वाटला एवढंच. त्या ९५ जणांनी नुसतं 'हं, ठीक आहे' म्हटलं तरी ९५. आणि अर्ध्यांनी डोक्यावर घेतला आणि अर्ध्यांनी शिव्या घातल्या तर ५०, म्हणजे त्यांच्या भाषेत 'सडका', कारण 'ताजा' ठरायची रेघ ६० टक्क्यांना आहे. रांगवाले भाऊ, तुमचा ३७ वाला सिनेमा तिथे हमखास सडक्यात गेला असता.

साइट अँड साउंड मासिकाची सर्वोत्तम सिनेमांची दर दहा वर्षांची यादी मला त्यातल्या त्यात बरी वाटते. प्रत्येक समीक्षकाने दहा सिनेमांची नावं द्यायची, त्यांना आपसात क्रम नाही, सगळी मतं सारखी, मग मोजणी. तरीही यादी हलतेच! १९६२ पासून २००२ पर्यंत दर वेळी 'सिटिझन केन' पहिला, २०१२ ला 'व्हर्टिगो', आणि २०२२ ला शांताल अकरमान यांचा 'जान दिलमान', जो २०१२ च्या पहिल्या दहात पण नव्हता. सिनेमे तेच, मत देणारे बदलले आणि वाढले. मग आपली यादी दोन वर्षांनी बदलली तर एवढं काय बिघडलं.

शेवटची_रांग :
वा, सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री बसून पहिल्या तीसेक सिनेमांच्या कुस्त्या लावल्या. ३७ वाला थेट तिसरा आला, ४० वाला विसाच्या खाली, म्हणजे आता यादी ओळखीची वाटायला लागली. फुकट समीक्षक, तीन ढीग केले तर माझा पहिलाच ढीग शंभरचा होईल हो, त्यातलं काय वर ठेवू हाच तर प्रश्न.

पण रीळ, विनोदीवर अडलो. 'आत्ता कुठला लावशील' विचारलं की कामावरून दमून आलेला मी दर वेळी विनोदीच उचलतो, आणि मग जड सिनेमे सगळे हरायला लागले. हे पण बरोबर नाही ना?

रीळ_उलटं :
नाही. प्रश्न बदला. 'कुठला लावशील' ऐवजी 'दोन्हीतला एक कायमचा नाहीसा होणार असेल तर कुठला वाचवशील'. दमलेला माणूस पण याचं उत्तर नीट देतो. माझा वरचा प्रश्न विनोदी-विनोदी किंवा जड-जड अशा एका जातीतल्या जोडीला चालतो, दोन जाती भिडल्या की हा.

मध्यंतर :
आणि दमलेला असताना यादीला हात लावू नका, हे पण.

फुकट_समीक्षक :
मग यादी कधीच होणार नाही.