दोन टक्के गंधकाची टेलिंग्ज: वर पाणी की माती?

प्रश्न: तांबेखाणीच्या टेलिंग्जमध्ये (धातू काढून उरलेल्या बारीक गाळात) २ टक्के गंधक, सगळं पायराइटमधलं (लोह-गंधकाचं खनिज, प्राणवायू आणि पाणी लागलं की आम्ल सोडतं). सामू (pH) ७ च्या वर आहे. तरी आम्ल सुटेल? ते रोखायला वर पाणी ठेवू की माती? पाऊस भरपूर, पण उन्हाळा कडक.

उत्तर १: आजच्या सामूवर विसंबू नका. गाळातली आम्ल मारणारी चुनखडी संपेपर्यंत तो चांगलाच दिसतो, मग कोसळतो. १ टक्का गंधकाला टनामागे ३१.२५ किलो कॅल्शियम कार्बोनेट लागतं, म्हणजे तुम्हाला ६२.५. प्रत्यक्षात दुप्पट तरी धरा, कारण लोहाचा थर बसून चुनखडीचे कण निकामी होतात.

उत्तर २: पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो, त्यामुळे वर पाणी उत्तम. मात्र मे महिन्यातही मीटरभर उरायला हवं, नाहीतर लाटांनी गाळ ढवळतो. गाळ अडवणारा बंधारा अपस्ट्रीम पद्धतीचा (साठलेल्या गाळावरच टप्प्याटप्प्यानं उंच केलेला) असेल तर पाण्याचा विचारच सोडा! ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योचा असाच बंधारा २०१९ मध्ये फुटला, अडीचशेहून अधिक माणसं गेली.

उत्तर ३: मग माती, पण नुसती चिकणमाती नको, उन्हात तडकते. खाली भरड वाळू, मध्ये दाबलेली बारीक माती, वर पुन्हा भरड थर. मधला थर ८५ टक्क्यांहून जास्त संपृक्त राहिला (म्हणजे त्याच्या पोकळ्या तेवढ्या पाण्यानं भरलेल्या असल्या) तरच प्राणवायू अडतो. खोल मुळांची झाडं लावू नका.